ब्रेड शिकणाऱ्याला हजार रुपयांत हॅम्पर देताय? या चुका टाळा

ब्रेड करायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला काहीही द्या, पण त्याचा पहिला ब्रेड नीट फुगला पाहिजे. पहिला फसला की साचा माळ्यावर जातो आणि परत खाली येत नाही. इंदूरमध्ये हजार रुपयांत चांगलं हॅम्पर होतं. गडबड होते ती पैसे कशावर घालायचे यात.

टोपलीवर खर्च

वेताची टोपली, चमकी कागद, रिबिन यांत तीनशे रुपये गेले की वजनकाटा यादीतून उडतो. नाकापेक्षा मोती जड! त्याऐवजी दोन लिटरची सरळ उभी, पारदर्शक बरणी घ्या आणि सुटं सामान तिच्यातच भरा. पीठ पुढे त्याच बरणीत फुगवता येतं. बाहेरून रबरबँड लावून सुरुवातीची पातळी दाखवली की पीठ दुप्पट झालं का, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. बरणी, साचा, काटा सगळं एका कोऱ्या सुती पंच्यात बांधा. हाच पंचा पुढे पिठावर झाकायला कामी येतो.

ओव्हन न विचारता साचा घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आधी आडून चौकशी करा, घरी ओटीजी (विजेवर चालणारा छोटा ओव्हन) आहे, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे की नुसता गॅस.

ओटीजी असेल तर आतून साधारण २० × १० सेंटिमीटर आणि ७-८ सेंटिमीटर उंच साचा घ्या. बर्तन बाजारात साचे ‘अर्धा पाउंड, एक पाउंड’ असे मागितले जातात, पण एका दुकानाचा पाउंड दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. साच्याची मापं बहुधा वरच्या काठाची सांगतात आणि तळ निमुळता असतो. म्हणून घरी आणून पाणी भरून पाहा. ३०० ग्रॅम मैद्याच्या ब्रेडला १.३ ते १.५ लिटर पाणी मावणारा साचा हवा. दोन लिटरचा घेतला तर ब्रेड विटेसारखा चपटा होतो, आणि करणाऱ्याला वाटतं यीस्टच खराब.

कन्व्हेक्शनमध्ये धातूचा साचा फक्त कन्व्हेक्शन मोडवर चालतो, हे चिठ्ठीवर लिहून द्या. शिवाय साच्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर फिरत्या थाळीपेक्षा कमी हवं, नाहीतर तो भिंतीला अडतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये ब्रेड भाजला जात नाही. तिथे किंवा नुसत्या गॅसवर १५-१८ सेंटिमीटरचा गोल डबा द्या. जाड कढईत स्टँडवर, झाकण ठेवून पाव होतात. वरून पांढुरके राहतात, ते तव्यावर लोण्यात परतायचे.

सिलिकॉनचा साचा नको. त्यात कडा खरपूस होत नाहीत.

माळव्याचा गहू म्हणून कणीक देणं

भावना चांगली, पण बाफल्यांसाठी वाखाणला जाणारा माळव्याचा कठिया गहू ब्रेडला साथ देत नाही. त्याचं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, चिवट असतं, पण फुग्यासारखं ताणलं जात नाही. चक्कीची कणीकही जास्त पाणी पिते आणि कोंड्यामुळे कमी फुगते. सुरुवातीला साधा, ताजा मैदा एक किलो द्या. कणकेची हौस असेल तर दुसऱ्या खेपेला मैद्यात चौथा हिस्सा मिसळून पाहावी.

सुटं यीस्ट

सियागंजमध्ये किराणा घेताना दुकानदार फोडलेल्या पुड्यातून यीस्ट बांधून देत असेल तर नको म्हणा. हवा आणि ओल लागलं की यीस्ट मरत जातं. सीलबंद, लहान पाकीट घ्या आणि त्यावर ‘इन्स्टंट’ लिहिलंय ते बघा. बेकिंग पावडर ही यीस्टची बदली नव्हे. पाकीट उघडलं की हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये.

मैदा, मीठ, साखर आणि यीस्ट थरांनी रचलेली बरणी दिसते छान, पण पिठातल्या ओलाव्याने आठवड्यांत यीस्ट दुबळं होतं. ते वेगळंच ठेवा. मे महिन्यात हॅम्पर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

वजनकाट्यात काटकसर

कपाने मोजलेला मैदा दाबून भरला तर दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, सैल भरला तर सव्वाशेच्या आसपास. कृती इथेच बिघडते. साडेतीनशे-चारशेचा डिजिटल काटा पुरे, पण तो चार-पाच ग्रॅम नेमके दाखवेलच असं नाही. म्हणून मोजचमचेही हवेत. बॅटऱ्या खोक्यात आहेत ना, तेवढं बघा. तीस-चाळीस रुपयांचा प्लास्टिकचा स्क्रॅपर विसरू नका. चिकट पिठाला तो हातापेक्षा बरा. वेताची बॅनेटन (पीठ फुगवायची टोपली) आणि ब्रेडवर चिरा पाडायचा ब्लेडचा दांडा आत्ता नकोत, ती साउरडोची, म्हणजे घरी आंबवलेल्या पिठाच्या ब्रेडची, पुढची गोष्ट.

बटर पेपरही बघून घ्या. मेणाचा कागद ओव्हनमध्ये धूर करतो. पाकिटावर २०० अंशांच्या वरचं तापमान छापलेला बेकिंग पेपर घ्या.

इंदूरची खूण म्हणून जिरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, पुडी जरूर घाला, पण पिठात नाही. त्यातलं मीठ, दालचिनी, लवंग जास्त झालं की यीस्ट मंदावतं. लोण्यात कालवून भाजलेल्या ब्रेडवर लावायचं.

कृतीचा कागद न देणं

सामान देऊन कृती ‘बघ कुठेतरी’ म्हणून सोडली की हॅम्पर अर्धंच राहतं. एका कागदावर हे लिहा: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १९० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम म्हणजे लहान मोजचमच्याने सपाट सव्वा चमचा, मीठ ६ ग्रॅम, साखर १५, तेल १५. दहा-बारा मिनिटं मळणं. दुप्पट होईपर्यंत फुगवणं. आकार देऊन साच्यात पुन्हा फुगवणं. तापलेल्या ओटीजीत १९० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. लहान ओटीजीत वरची बाजू करपते, म्हणून वीस मिनिटांनी वर फॉइल.

वेळ लिहिताना मिनिटांपेक्षा ‘दुप्पट’ हा शब्द मोठा लिहा. मे महिन्यात पाऊण तासाच्या आत होणारं काम जानेवारीत दोन तास घेतं. तेव्हा न तापवलेल्या, बंद ओटीजीत गरम पाण्याच्या वाटीशेजारी बरणी ठेवायची. उन्हाळ्यात उलट, माठातलं थंड पाणी घ्यायचं.

कागदाच्या मागे बिघाड लिहा. पीठ चिकटतंय म्हणून मैदा वाढवला की ब्रेड दगड होतो. त्यापेक्षा पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की चिकटपणा बराच कमी होतो. ब्रेड घट्ट झाला तर यीस्ट मेलेलं किंवा फुगवणं कमी. यीस्टची शंका आली तर अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं थांबा; फेस आला तर जिवंत. ओव्हनमध्ये मधोमध खचला तर दुसरं फुगवणं जास्त झालं. पीठ साच्याच्या काठाशी आलं की लगेच आत घाला. आतून गिचका लागला तर बहुधा गरम असताना कापला. साच्यातून काढून जाळीवर निदान तासभर थंड होऊ द्यायचा, जाळी नसेल तर चाळण पालथी घालून तिच्यावर.