जागांची वही: आपण जिथं घडलो ते आपल्याच बोलीत कसं लिहायचं

मी बाई आहे आणि मी 'येतो' म्हणतो. बेळगावात, तिथल्या शहापुरात, वडगावात, वर निपाणी-कोल्हापूरपर्यंत कित्येक घरांत मुली आणि बायका असंच बोलतात, मी जातो, मी जेवलो, मी दमलो बघ, आणि तिथं कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पुण्यात नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये 'मी करतो की' म्हटलं तर अख्खी रूम हसली. वाईट मनानं नाही हसली, पण त्या दिवसापासून मी 'करते' म्हणायला लागलो, मग तो शेवटचा 'की' गेला, मग आवाज खाली आणला कारण 'तू एवढी ओरडतेस का' असंही कुणीतरी विचारलं होतं. आता आमच्या घराच्या मागच्या खोलीत कापड विणायचे दोन माग होते, दिवसभर खटाखट चालायचे, 'भात झाला' एवढं सांगायचं तरी ओरडावंच लागायचं. म्हणजे माझा आवाज त्या खोलीनं बनवला होता आणि माझं क्रियापद गल्लीनं, आणि ते दोन्ही मी वर्षभरात पुसून टाकलं, कुणी सक्ती न करता.

हे माझं मला कधी कळलं नसतं. एक वही काढायला लागलो तेव्हा कळलं. ती वही कशी काढायची ते सांगतो, सीमाभागातल्या प्रत्येकानं काढावी असं मला मनापासून वाटतं. आणि इथून पुढं सगळं 'तो'मध्येच लिहिणार आहे.

सुरुवात जागांपासून, आठवणींपासून नाही

साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवर टाइप करू नका, निदान सुरुवातीला तरी नको, कारण 'करायलोय' लिहिलं की कीबोर्ड आपला शब्द काढून त्याचा घालतो आणि आपण घाईत ते तसंच सोडतो. पहिल्या पानावर दहा मिनिटांत सुचतील तेवढ्या जागा लिहायच्या, वीसेक तरी. 'मी कोण' असला प्रश्न अजिबात घ्यायचा नाही, त्याचं उत्तर बसल्या जागी येत नाही, आलं तरी शाळेतल्या निबंधासारखं येतं.

जागा लहान पाहिजे. 'बेळगाव' लिहिलं तर पुढं काहीच सुचणार नाही. माझा नियम असा की तिथं बसलेल्या माणसाला हाक मारली तर त्याला ऐकू गेली पाहिजे. कपिलेश्वरच्या तळ्याची पायरी, गणपत गल्लीतल्या वाचनालयात पेपर वाचायला बसतात तो बाक, टिळकवाडीत रेल्वेच्या दुसऱ्या गेटला फाटक पडल्यावर सायकल टेकवून थांबायचो ती कडा, खानापूर बसची शेवटची सीट, आजोळच्या घराचा सोपा. जिथं अपमान झाला, जिथं खोटं बोललो, जिथं परत जावंसं वाटत नाही, त्या जागा पण घ्या, त्या नसतील तर वही अर्धी राहते.

चाळिशी ओलांडली असेल तर यादीत साधारण दहा ते तीस वयातल्या जागांची गर्दी होईल, स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे पुन्हापुन्हा दिसलंय, त्यामुळं आपलं काही चुकतंय असं समजू नका. त्याच्या आधीचं पाहिजे असेल तर वासाचा धागा धरा, वासानं येणाऱ्या आठवणी बऱ्याचदा पहिल्या दहा वर्षांतल्या असतात. मला येळ्ळूरकडच्या बासमतीच्या भाताचा वास आला की आजीचं अंगण दिसतं, तिचा चेहरा नंतर येतो.

चार कप्पे

आता प्रत्येक जागेपुढं चार कप्पे आखायचे. तिथं मला काय हाक मारतात, मी तिथं कुठल्या भाषेत बोलतो, माझा आवाज केवढा असतो, आणि तिथं मी काय बोलत नाही. वहीचा जीव या कप्प्यांत आहे, इथं घाई करू नका, एका दिवसात दोनच जागा झाल्या तरी चालतंय.

माझं सांगतो. घरी मी 'बाळे'. शनिवार खुटाजवळ भाजी घेताना मी 'अक्का', आणि हा शब्द कन्नडही आहे आणि मराठीही, अण्णा, तूप, अडकित्ता हे पण असेच तिकडून आपल्यात आलेले, त्यामुळं मला हाक मारणारी बैलहोंगलकडची बाई आपल्या भाषेत बोलली की माझ्या, हे ठरवायला तिथं कुणाला सवड नसते. 'बर्री अक्का', म्हणजे या अक्का, म्हणते, मी पैसे हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु असे मोजतो आणि घासाघीस मात्र मराठीत करतो, ती पण माझ्याशी मराठीत भांडते आणि पिशवीत कोथिंबीर टाकताना परत कन्नडवर जाते. कॅम्पात गेलो की हिंदी. बँकेत मॅडम. पुण्यात ऑफिसात माझं आडनाव, तेही आखूड करून. हे कप्पे भरले आणि पहिल्यांदा दिसलं की मी मोठ्यानं हसतो अशा माझ्या वहीत सहा जागा आहेत आणि त्यातल्या पाच घरापासून चालत जायच्या अंतरावर आहेत.

चौथा कप्पा सगळ्यात अवघड. माझ्या वहीत एका सरकारी ऑफिसातली खिडकी आहे. मी अकरा-बारा वर्षांचा असेन, बाबांबरोबर गेलो होतो. फॉर्म कन्नडमध्ये होता, बाबांना बोलता थोडंफार यायचं पण वाचता येत नव्हतं. आतला माणूस काहीतरी सांगत होता आणि बाबा नुसते त्याच्या तोंडाकडं बघत उभे होते, हातात फॉर्म, मागाच्या आवाजावर आवाज चढवणारा माणूस, पण तिथं 'हं' सुद्धा मोठ्यानं म्हणाला नाही. चौथ्या कप्प्यात मी लिहिलं, 'बाबा इथं काहीच बोलले नाहीत.'

अशी पानं सीमाभागातल्या प्रत्येक वहीत येणारच. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, त्या तारखेला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि आमच्याकडं काळा दिवस पाळतात, २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा सीमेबद्दलचा दावा आहे, २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचं दुःख आहे, ते मी लपवत नाही. पण वहीत लिहिताना सभेतलं भाषण उतरवू नका. 'अन्याय' हा शब्द लिहावासा वाटला की थांबा आणि त्या जागी कोण उभं होतं, हातात काय होतं, कुणी कुणाकडं बघितलं ते लिहा. भाषण सगळ्यांचं सारखंच असतं, खिडकी मात्र तुमची एकट्याची आहे.

आणि एक काम नक्की करा, जमलं तर. तुमच्या वयाचा, तुमच्याच भागात वाढलेला एखादा कन्नड बोलणारा मित्र किंवा मैत्रीण असेल तर त्याला तीच यादी काढायला सांगा. माझ्या मैत्रिणीनं काढली. तळ्याची पायरी दोघींच्या यादीत होती, फाटक पण होतं. माझ्या यादीत वाचनालयाचा बाक मोठ्या आवाजाची जागा होती आणि तिच्या यादीत तो बाक नव्हताच, ती म्हणाली, तिथं आत यायचं असतंय हे मला माहीतच नव्हतं. वीस वर्षांच्या मैत्रीत हे आम्ही कधी बोललो नव्हतो.

जागेवर जाऊन उभं राहा

१९७५ साली गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर प्रयोग केला होता, त्यांच्याकडून शब्द पाठ करून घेतले, काही पाण्याखाली, काही किनाऱ्यावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून गावाबद्दल लिहिताना अडलं तर ती तुमची कमतरता नाही, तुम्ही दुसऱ्या पाण्यात बसलाय. सुट्टीला आलात की वही घेऊन त्या जागी जा, अर्धा तास बसा, फोटो काढत बसू नका, फक्त काय ऐकू येतंय ते लिहा.

पाऊस-मातीकडं पण लक्ष द्या. आपला जिल्हा विचित्र आहे, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडं पाऊस धो धो आणि माती लाल, आणि ईशान्येला अथणीकडं जावं तर काळी माती आणि आभाळाकडं बघत बसलेले लोक. खानापूरकडचा माणूस आणि अथणीकडचा माणूस 'पाऊस' हा एकच शब्द म्हणतो पण त्यात त्याचं बालपण वेगळं असतंय.

जागा राहिली नसेल तर? कपिलेश्वर मंदिराजवळ पूर्वी रेल्वे फाटक लागायचं, आता वर पूल आहे. तरी जा. पुलाखाली उभं राहा. आमच्या मागाच्या खोलीत आता भाडेकरू राहतात, मी त्यांना विचारून दहा मिनिटं बसलो, भिंतीवर तेलाचे डाग अजून आहेत.

बायकांनी वही काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रे ओल्डनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये 'तिसरी जागा' अशी कल्पना मांडली, घर पहिली, काम दुसरी आणि जिथं माणसं नुसती गप्पांसाठी जमतात ती तिसरी, चहाचं हॉटेल वगैरे. आपल्याकडं हॉटेलचा कट्टा पुरुषांचा. म्हणून 'मला अशी जागाच नव्हती' असं लिहून मोकळं होऊ नका. नळाला पाणी यायच्या आधीची रांग, पापड घालायची गच्ची, भजनी मंडळ, मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायचो ती ओसरी, या तिसऱ्याच जागा आहेत. मी आयुष्यातली पहिली गोष्ट रचून सांगितली ती कांड्या भरताना.

गाव सोडलेल्यांनी

नवीन गावाला पण पानं द्या. कुमार गंधर्वांचा जन्म इथलाच, बेळगावजवळ सुळेभावीचा, १९२४ चा. मुंबईत गाणं शिकले, क्षय झाला म्हणून १९४८ ला देवासला गेले आणि काही वर्षं गाणंच बंद. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कानावर पडत राहिली, आणि पुढं त्यांच्या गाण्यात माळवा आला. म्हणजे परकी जागा पण आपल्यात उतरते, फक्त तिथं बराच वेळ गप्प राहून ऐकावं लागतंय. मी पुण्यात ऐकायच्या आधी बदललो, तिथं माझी चूक झाली. आता पुण्यातल्या पीजीच्या खिडकीला माझ्या वहीत चार पानं आहेत आणि ती चांगली उतरलीत.

वहीतून बाहेर काढताना

सगळी वही लोकांना दाखवायची नसते. एक जागा निवडा, जिथं चारही कप्पे भरलेत अशी. आधी मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा, गावात कुणाला सांगतोय असं समजून, आणि मग ते ऐकत जसंच्या तसं कागदावर उतरवा. 'हुय की', 'काय करायलास', 'गप की' हे आलं तर राहू द्या. वाक्य लांब गेलं तरी तोडू नका, आपण तसंच बोलतो. लिहायचंच पाहिजे असं पण नाही. दिवाळीला गल्लीतली पोरं किल्ला करतात, त्यात प्रत्येक मंडळाचा बुरूज वेगळा असतोय, शिवजयंतीच्या चित्ररथावर पोरं महिनाभर राबतात, तिथं तुमची जागा घालता येते का बघा. लिहिलंच असेल तर कडोली, येळ्ळूर, उचगावला गावातल्या लोकांनी उभी केलेली साहित्य संमेलनं होतात, तिथं बसून ऐका आणि संधी मिळाली तर आपल्या बोलीतलंच वाचा. दुसऱ्या कुणाचं घरातलं काही आलं असेल तर ऑनलाइन टाकायच्या आधी त्याला विचारा, हे फार महत्त्वाचं. प्रत्येक पानावर तारीख पण घाला.

आणि टाकायच्या आधी त्याच जागेतल्या एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. मी आईला दाखवलं. मागाच्या खोलीचं पान वाचलं, 'भात झाला' म्हणून ओरडायचो ते आलं तशी तिनं थांबवलं. म्हणाली, "ओरडायचो ते खरं हाय, पण बाबांना कधी ऐकू यायचं नाही. मागावर बसून बसून कान गेले होते त्यांचे. ओठ बघून ओळखायचे. लिहितोस तर नीट लिही."

मी वहीची पानं मागं उलटली आणि त्या खिडकीचं पान परत लिहायला घेतलं.