ह्यांच्या बीपीची वही कशी ठेवते

ह्यांच्या बेरजा चुकायला लागल्या तेव्हा मी ते वयावर ढकललं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी महिन्याचा जमाखर्च गेली तीस वर्षं हेच लिहितात. दूध, वीज, इस्त्रीवाला, सगळं अर्ध्या तासात उरकायचं. त्याला दोन-दोन तास लागू लागले. नावं, तारखा, कुणाच्या लग्नात काय आहेर केला, सगळं लख्ख आठवत होतं, त्यामुळे विसरभोळेपणाही म्हणता येईना. फक्त दोन गोष्टी एकदम डोक्यात धरणं जमत नव्हतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या आत, खोलवर पांढरे डाग निघाले. कारण बीपी. "मला काही त्रासच होत नाही," म्हणून गोळी ह्यांनी वर्षभरापूर्वी स्वतःच बंद केली होती.

मी गणित शिकवलं आहे, कळेपर्यंत विचारायची सवय. डॉक्टरांकडून समजून घेतलं ते असं: मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला 15 ते 20 टक्के वाटा त्याला लागतो. आतल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या मोठ्या धमनीतून थेट निघतात, त्यामुळे तिचा जोर फारसा कमी न होताच त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षं तो सोसून त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, वाट अरुंद होते. कुठे रक्त पोचत नाही, कुठे वाहिनी फुटते. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे तंतू तिथूनच जातात, म्हणून आठवणीच्या आधी बरेचदा वेग जातो. हिशेब, बेत आखणं, एकामागून एक काम करणं मंदावतं. दुखत मात्र काहीच नाही. घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते इथे.

आता वही. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर मोजूनच पट्टा घ्या. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा, जिथे आकडा जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि चहाच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी. अर्धा तास आधी तंबाखू, कॉफी, जिन्याची चढउतार काही नको. पाठ टेकून खुर्चीत बसायचं, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पाच मिनिटं गप्प. हे बातम्या लावून बसायचे, ते मी बंद केलं. मग एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नाही.

सात दिवसांत 28 नोंदी होतात. पहिल्या दिवसाच्या चार सोडा, उरलेल्या 24 ची सरासरी काढा, वरच्या आकड्याची वेगळी, खालच्याची वेगळी. दवाखान्यात 140/90 ही रेघ धरतात, घरी 135/85. सरासरी त्यावर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एखाद्या दिवशी आकडा वर गेला म्हणून मनाने जादा गोळी देऊ नका, खाली आला म्हणून बंदही करू नका. उठताना चक्कर येत असेल तर तेही वहीत लिहा. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 50 च्या पुढच्या 9,361 जणांपैकी ज्यांचा वरचा आकडा 120 च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला, त्यांच्यात बुद्धीची सौम्य घसरण 140 चं लक्ष्य असलेल्यांपेक्षा कमी आढळली. तुमच्या माणसाला किती खाली न्यायचं ते मात्र डॉक्टरच ठरवतील.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याला थोडं कमीच, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. बडोद्यात हे फार कठीण आहे. लीलो चिवडो हे इथलं फरसाण घरात आलं की बशी पुढे येतेच. मी डबा आणणंच थांबवलं. पाहुणे आले तरच, पावशेर. गुडघेदुखीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत, त्यातल्या बऱ्याच बीपी चढवतात.

आणि पक्षाघाताच्या झटक्यासाठी एक कागद फ्रीजवर लावा. तोंड एका बाजूला वाकडं, हात गळून पडणं, बोलणं अडखळणं, अचानक न दिसणं किंवा तोल जाणं, यातलं एक जरी झालं तरी रुग्णवाहिकेसाठी 108. शेवटचे धडधाकट कधी होते ती वेळ लिहा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. बीपीची गोळी जिभेखाली तर मुळीच नाही. दाब एकदम उतरला तर मेंदूच्या उपाशी पडलेल्या भागाला मिळणारं थोडं रक्तही तुटतं. कागदाच्या खाली चालू औषधांची नावं.

आमचा जिना लाकडी आणि अरुंद, स्ट्रेचर वळत नाही. खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना सांगून ठेवलंय, हाक मारली की वर यायचं आणि काकांना खुर्चीसकट खाली न्यायचं. दिवाळीनंतर एकदा रिकामी खुर्ची उतरवूनही पाहिली.