दुपारी बांध पेटवू नका: वणव्याच्या या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की जांबोटी, कणकुंबीपासून चोर्ल्यापर्यंत डोंगरावर रात्री लाल रेघा दिसू लागतात. "बांबूवर बांबू घासला नि रान पेटलं" हे पारावर ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात कुणाचं नाव येत नाही. कॅनडात विजेमुळं मोठाले वणवे लागतात हे खरं, पण आपल्याकडं विजा कडाडतात त्या वळवाबरोबर. त्याआधीच्या आगीमागं बहुतेक वेळा विडी, काडी नाहीतर बांध जाळणारा हात असतो.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. काजूच्या बागेतला पाला गोळा केला, जेवण उरकलं आणि दुपारी दोनला काडी लावली. त्या वेळी गवत पापडासारखं कडक, हवेत ओल नाही आणि वारं सुटलेलं. जाळ गुडघाभर आहे तोवर हिरव्या टहाळ्यानं झोडपता येतो. वाळक्या कारवीत किंवा रानमोडीत शिरला की जवळ उभं राहवत नाही. त्यात चढ असेल तर ज्वाळा वरच्या गवतावर झुकतात, ते पेटण्याआधीच भाजून निघतं. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे.

खरं तर पाला जाळायचाच कशाला? काजूच्या बुंध्याभोवती पसरला तर ओल टिकते. तरीही जाळणार असाल तर पहाटे, दव असताना, भोवतीचा पट्टा मातीपर्यंत खरवडून, पाणी हाताशी ठेवून. उतारावर वरच्या कडेनं लावा, म्हणजे जाळ सावकाश खाली येतो. रानाला लागून असलेल्या बांधावर मात्र काडीच नको.

"विझली की!" म्हणून घरी जाणं ही दुसरी चूक. वरून पांढरी राख दिसते, काठीनं उकरली की खोडाच्या मुळाशी लाल निखारा असतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्यानं तोच उडतो आणि पार पलीकडच्या खोऱ्यात पडतो. पाणी ओतून, उकरून, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ धरली तर धग कळते.

मार्च 2023 मध्ये घाटापलीकडं गोव्याच्या म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, तेव्हा हवाई दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावं लागलं. अशा कड्यांवर बंब पोचत नाही.

ऊसपट्ट्यात लोंबणाऱ्या तारांकडंही बघा. कॅलिफोर्नियात 2018 साली विजेच्या वाहिनीतून पेटलेल्या वणव्यात 85 माणसं गेली.

विझवायला जाताना सुती कपडे घाला, नायलॉन अंगाला चिकटतं. आगीच्या वरच्या अंगाला जाऊ नका. जळून काळ्या पडलेल्या बाजूनं, कडेकडेनं झोडपत पुढं सरका, आणि एकट्यानं निघण्याआधी 112 ला फोन लावा.