लेझरचे स्फटिक आणि बिंदुदोष : या चुका टाळा

लेझरची पॉवर उतरली की लोक आधी लॅम्प बदलतात, मग आरसे फिरवत बसतात. लेझरचा प्रकाश जिथे तयार होतो तो स्फटिकाचा रॉड काढून उजेडात धरायला कुणाला वेळ नसतो. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या शेडमधून फोन आला की माझा पहिला प्रश्न म्हणूनच ठरलेला : रॉडचा रंग कसा आहे?

एका कारखान्यात लॅम्पवर चालणारं निओडिमियम-यॅगचं (यॅग म्हणजे इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटचा स्फटिक, त्यात थोडं निओडिमियम) मशीन असंच अडलं होतं. लॅम्प नवा, आरसे स्वच्छ, पाणी गार, तरी पॉवर चढेना. रॉड काढला तर नेहमीची फिकट जांभळी छटा जाऊन तपकिरी झाक आलेली. खोदून विचारल्यावर कळलं, अतिनील किरण अडवणारी नळी फुटली तेव्हा घाईघाईत साध्या क्वार्ट्झची स्वस्त नळी बसवली होती. साध्या क्वार्ट्झमधून लॅम्पचे अतिनील किरण सरळ रॉडवर पडतात. त्यांनी सुटे केलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांत अडकतात, लोहासारख्या भेसळीच्या आयनांचा भार बदलतो (असे एकेका अणूच्या जागेपुरते दोष म्हणजेच बिंदुदोष) आणि प्रकाश शोषणारी रंगकेंद्रं तयार होतात. पंपाचा, म्हणजे लॅम्पचा, प्रकाश निओडिमियमला मिळण्याआधी तीच शोषून घेतात. वर रॉड तापतो तो वेगळाच. सिरियम किंवा समेरियम मिसळलेलीच नळी घ्या. रॉड भट्टीत तापवून रंग बऱ्याचदा जातो, पण नळी साधीच ठेवली तर तो परत येणारच.

दुसरी चूक एम.एस्सी.च्या प्रकल्पांत दिसते : सगळ्या स्फटिकांना एकच भट्टी. इटर्बियम-यॅग वाढवून काढला की बऱ्याचदा निळसर-हिरवा असतो, कारण ऑक्सिजन कमी पडून काही इटर्बियमचा भार +३ ऐवजी +२ झालेला असतो. हवेत तापवलं की रंग जातो. हे एकदा जमलं की उतावीळ पोरं टायटॅनियम-नीलमही हवेतच टाकतात. तिथे गणित उलटं आहे. काम करतं ते +३ टायटॅनियम. हवेत त्याचं +४ होतं, आणि +३ व +४ च्या जोड्या ८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लेझर चालतो तिथेच, प्रकाश खातात. त्याला हायड्रोजनचं वातावरण लागतं. तशी भट्टी नसेल तर नमुना तसाच राहू द्या, जुगाड करू नका. ४९० (कामाचं) आणि ८२० (नको असलेलं) नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर मोजल्याशिवाय मी तरी भट्टी लावू देत नाही.

यॅगमध्ये निओडिमियम साधारण १ टक्क्याच्या फार पुढे नेऊ नका. आयन एकमेकांचीच ऊर्जा मारतात.

रॉड स्वच्छ दिसतो म्हणून निर्दोष समजू नका. निओडिमियम-यॅग लेझर चालतो ते १०६४ नॅनोमीटर डोळ्याला दिसतच नाही, तर तिथलं शोषण कसं दिसणार?

आणि नवा रॉड बसवण्याआधी त्याचा वर्णपट घेऊन ठेवा. नंतर बिघडला तर तुलना कशाशी करणार?