बर्फातली पँट घेताना

स्कीइंगसाठी इन्सुलेटेड (आत ऊबदार अस्तर असलेली) पँट घेताना बायका आधी तिची जाडी चाचपून बघतात. खरं तर आधी पाणी बघावं. बर्फात पडणं, बसणं होतंच, आणि भिजलेली पँट कितीही जाड असली तरी गारठवते. लेबलवर वॉटरप्रूफ रेटिंग (किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं, ते) किमान 10,000 मिलिमीटर हवं; बर्फ ओला, पाणचट असेल तर 15,000 ते 20,000. शिवणींना आतून टेप लावलेली आहे ना, तेही पाहा, कारण पाणी बहुधा तिथूनच झिरपतं.

अस्तर सिंथेटिक बरं, ओलं झालं तरी थोडीफार ऊब टिकवतं. दर चौरस मीटरला 40 ते 80 ग्रॅम वजनाचं बहुतेकींना पुरतं. फार थंडी वाजणारीने जाड घ्यावं, पण मांडीला हवेसाठी चेन हवीच, नाहीतर घामानेच भिजाल.

ट्रायल रूममध्ये आत थर्मल घालून खोल उठाबशा काढा (लाजू नका!). कंबर मागून खाली सरकली किंवा गुडघ्यावर ताण आला, तर मोठा साइज घ्या किंवा कंबरेला अ‍ॅडजस्टर असलेली पँट बघा. पायाची लांबी बुटावर उतरेल इतकी हवी.