वॉटर कूल्ड पीसी बनवताय? आपल्या उन्हाळ्यात अन् बोअरच्या पाण्यात या चुका टाळा

आमच्याकडे लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे, आणि मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणजे वर्षभरातलं सगळ्यात जास्त रेंडरिंग बरोब्बर पारा 45 ला टेकलेला असतो तेव्हाच येतं. वरून टिनाची खोली. साध्या फॅनवाल्या कूलरवर पीसी दुपारी नुसता बोंबलायचा आणि तरी स्पीड पाडायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी कस्टम लूप बनवला, म्हणजे पंप, नळ्या, चिपवर बसणारा तांब्याचा ब्लॉक आणि रेडिएटर स्वतः जोडून त्यातून पाणी फिरवायचं. पहिल्या सहा महिन्यांत ज्या चुका केल्या त्यातल्या निम्म्या व्हिडिओ बघून केल्या, कारण ते व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या खोलीत 22 डिग्री असते आणि नळाला गोडं पाणी येतं. आपलं तसं नाही ना भाऊ.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाका, वॉटर कूलिंग म्हणजे एसी नाही. लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, रेडिएटर फक्त उष्णता हवेत सोडतो. चांगल्या लूपमध्येही लोडवर पाणी खोलीपेक्षा 10-15 डिग्री जास्त असतं. आता खोलीतच 43 असेल तर पाणी 55 च्या आसपास जाणार, आणि इथंच सगळी गडबड सुरू होते. जो डी5 पंप सगळे वापरतात त्याची पाण्याची मर्यादा 60 डिग्री आहे. पीईटीजीची (एक प्रकारचं प्लास्टिक) कडक नळी त्याच्या आसपास मऊ पडायला लागते आणि फिटिंगमधून सटकायची भीती असते. म्हणून आपल्याकडे पीईटीजी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळू द्या. कडक नळीच पाहिजे तर ॲक्रिलिक, नाहीतर सरळ काळी ईपीडीएम रबराची नळी. दिसायला बोअरिंग आहे पण मे महिन्यात झोप लागते.

आणि रेडिएटर मोजून घेऊ नका, जास्तीचा घ्या. नेटवर लोक सांगतात की साधारण 100 वॅटला 120 मिमीचा (एका फॅनएवढा) एक तुकडा पुरतो, ते त्यांच्या हवामानात. सीपीयू आणि ग्राफिक कार्ड दोन्ही लूपमध्ये असतील तर मी तरी 360 चे (तीन फॅनएवढे) दोन लावीन. बजेट एकाच 240 चं असेल तर खरं सांगतो, लूपच्या भानगडीत पडू नका, तेवढ्या पैशात भारी फॅनवाला कूलर येतो आणि वरून डेझर्ट कूलरची टाकी भरायला पैसे उरतात. हसू नका, कोरड्या उन्हाळ्यात खोलीतला कूलर खोली दहा डिग्री खाली आणतो, म्हणजे लूपचं पाणीपण तेवढंच खाली येतं. फक्त पीसी कूलरच्या तोंडासमोर ठेवायचा नाही. तुषार उडतात, आणि कूलरमध्ये बोअरचं पाणी असेल तर सगळ्या बोर्डावर पांढरी पावडर बसते.

बोअरच्या पाण्याची चूक माझी स्वतःची आहे. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णेकाठच्या लोकांना वेगळं सांगायला नको. मी विचार केला की लीक टेस्टच तर करायची आहे, दोन तासांसाठी कशाला चांगलं पाणी वाया घालवा, म्हणून बोअरचं भरलं, मग काढून टाकलं आणि डिस्टिल्ड भरलं. पण रेडिएटर पूर्ण रिकामा कधीच होत नाही, आत पाणी राहतंच. चार महिन्यांनी टेंपरेचर चढायला लागलं, ब्लॉक खोलला तर आतल्या बारीक पात्यांमध्ये पांढरा थर. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच समजेल, ड्रिपर चोक होते तसंच हे, फक्त इथं भोक नाही तर केसाएवढ्या फटी असतात. आणि नाही, ठिबकला मारतो ते ॲसिड लूपमध्ये मारायचं नाही, तांबं आणि निकेल दोन्ही खाऊन टाकेल.

मग पाणी कोणतं? डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर, जे बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी कॅनमध्ये मिळतं. दुकानात नीट सांगा, तिथंच बॅटरीचं ॲसिडपण असतं. काही ठिकाणी कॅनमध्ये साधं आरओचंच पाणी भरून देतात, म्हणून गावातल्या आरओवाल्याचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) मागून आणा आणि मोजा, आकडा शून्याच्या जवळ पाहिजे. नुसतं पाणीपण चालत नाही, त्यात शेवाळ न होण्याचं आणि गंज न लागण्याचं औषध लागतं, नाहीतर सरळ तयार पारदर्शक कूलंट घ्या. दुधासारखे रंगीत कूलंट फोटोपुरते बरे, नंतर त्यातला रंग ब्लॉकमध्ये गाळ होऊन बसतो. गाडीचं कूलंट अर्धं-अर्धं ओतू नका, पाणी घट्ट होतं आणि उष्णता कमी वाहून नेतं, शिवाय त्यातलं ग्लायकोल विषारी असतं, घरात लेकरं-कुत्री आहेत. तुरटी तर अजिबात नाही. आमच्या काकू म्हणाल्या होत्या, "चांदीचं नाणं टाकून ठेव, पाणी नासत नाई." गंमत म्हणजे हे अगदीच खोटं नाही, पूर्वी लोक लूपमध्ये खरंच चांदीची तार टाकायचे. पण निकेल प्लेटिंगच्या ब्लॉकसोबत चांदी नको म्हणून सांगतात, तेव्हा नाणं देव्हाऱ्यातच बरं.

ॲल्युमिनियम आणि तांबं एका लूपमध्ये आलं की संपलं. एका मित्रानं ऑनलाइन स्वस्तातला रेडिएटर मागवला, पेजवर धातू लिहिलेलाच नव्हता, म्हणजे समजून जायचं की बहुतेक ॲल्युमिनियम आहे. तांब्याच्या ब्लॉकसोबत पाण्यात ते बॅटरीसारखं वागतं, ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. त्याच्या लूपमधून वर्षाच्या आत राखेसारखा चिखल निघाला.

नवा रेडिएटर आतून धुतल्याशिवाय जोडू नका, फॅक्टरीतल्या सोल्डरिंगचा मळ असतो. गरम डिस्टिल्ड पाणी भरा, हलवा, ओता, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

फिटिंग बसवताना आपला हात प्लंबरचा होतो. टेफलॉन टेप गुंडाळू नका! या जी 1/4 फिटिंगला आटे सरळ असतात, पाणी ओ-रिंग (रबराची कडी) अडवते, आटे नाही. टेपचे तुकडे मात्र सुटून ब्लॉकमध्ये जाऊन बसतात. पाना लावून आवळायचंपण नाही, हातानं घट्ट झालं की बस, ॲक्रिलिकला तडा जायला वेळ लागत नाही. ॲक्रिलिक अल्कोहोलनं पुसू नका, त्यानंही बारीक तडे जातात. ओ-रिंगा आणि दोन फिटिंग जास्तीचे आधीच मागवून ठेवा, कारण आपल्याकडे कुरिअर तालुक्यापर्यंतच येतं आणि एका रिंगेसाठी आठ दिवस मशीन उघडी पडते.

पंप कोरडा फिरवायचा नाही हे मोटारपंपवाल्यांना काय सांगायचं. टाकी पंपाच्या वर पाहिजे, आणि भरताना पंप थोडा थोडा चालू-बंद करत पाणी टाकत राहायचं. हवा धरली तर केस हळूच इकडेतिकडे वाकवा, बुडबुडे ग्राफिक कार्डात आणि रेडिएटरच्या कोपऱ्यात अडकतात. हे सगळं करताना बोर्डाला, कार्डाला करंट द्यायचा नाही, त्यांच्या केबल काढून फक्त पंप चालवायचा. पीएसयूच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) 24 पिन केबलमध्ये हिरवी वायर काळीला जोडली की पीएसयू चालू होतो. आजकाल सगळ्याच वायरी काळ्या असतात, म्हणून तयार जंपर घ्या, अंदाजानं पिना जोडू नका. खाली टिश्यू पसरा आणि 24 तास चालू द्या. लोडशेडिंग मधे आलं तर तेवढे तास पुढे ढकला, चीटिंग करू नका.

पंपाची पॉवर सरळ पीएसयूच्या केबलवरून द्या, बोर्डाच्या साध्या फॅन हेडरला (फॅन जोडायच्या पिनांना) डी5 झेपत नाही. पण त्याची स्पीडची वायर सीपीयू फॅनच्या हेडरला लावा, नाहीतर बूट होताना फॅन एरर येत राहते आणि पंप बंद पडला तर कळतपण नाही.

आता टेंपरेचर चढतंय तर दोष कुठं आहे? लोड दिल्या-दिल्या पाच-दहा सेकंदात 95 ला गेलं तर गडबड ब्लॉकपाशी आहे. चिप आणि ब्लॉकमधली पेस्ट नीट नाही, ब्लॉक तिरपा बसला, खालचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहिला (मी केलंय), किंवा ग्राफिक कार्डावर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) जाड लागल्यामुळे चिप टेकतच नाही. अर्धा तास लागून हळूहळू चढलं तर रेडिएटर, फॅन किंवा खोली. आमच्याकडे बहुतेकदा कापसाचा तंतू आणि तुरीच्या कुटाराची धूळ रेडिएटरच्या पात्यांवर गादीसारखी बसलेली असते. ब्लोअरनं उडवताना फॅनची पाती हातानं धरून ठेवा. एक नळी गरम आणि दुसरी थंड लागली तर पाणी फिरतच नाहीये, कारण चालू लूपमध्ये दोन्हीत एक-दोन डिग्रीचाच फरक असतो. लगेच बंद करा.

आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक लावा, एक टी आणि एक बॉल व्हॉल्व्ह. मी लावला नव्हता. वर्षानं पाणी बदलायची वेळ आली तेव्हा मी आणि बाबा ओसरीत, खाली परात, आणि वीस किलोची केस दोघांनी हंड्यासारखी तिरपी धरलेली. बाबा घामाघूम होऊन म्हणे, "आपल्या ठिबकच्या नळीले बी शेवटी एंड कॅप रायते, तुह्या लाखाच्या मशीनले काहून नाई?"