सी भाषेतील पहिला प्रोग्राम : लिहिण्यापासून चालवण्यापर्यंत

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेत आपण लिहितो ती फाइल आणि संगणक चालवतो ती फाइल या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिलीपासून दुसरी तयार करण्याचे काम कंपायलर करतो. नवशिक्याचा बहुतेक गोंधळ या दोन फाइलींची सरमिसळ झाल्याने होतो. म्हणून निदान पहिला प्रोग्राम तरी एका बटणावर न चालवता टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून, कंपाइल करणे आणि चालवणे या दोन्ही पायऱ्या स्वतः करून चालवावा, असे माझे मत आहे.

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ या आज्ञेने जीसीसी हा कंपायलर मिळतो. विंडोजवर ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ ही आज्ञा देऊन आधी उबुंटू घ्यावे आणि मग तेच करावे. येथे आज्ञा आणि संकेत देवनागरीत दिले असले, तरी टंकताना ते, अंकांसह, रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकावेत. अवतरणचिन्हांतील ‘नमस्कार’ मात्र मराठीतच ठेवावा. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पुढील मजकूर लिहून फाइल ‘पहिला.सी’ या नावाने साठवावी.

#इन्क्लूड <एसटीडीआयओ.एच>
इंट मेन(व्हॉइड)
{
    प्रिंटएफ("नमस्कार\एन");
    रिटर्न ०;
}

पहिली ओळ पडद्यावर मजकूर उमटवणाऱ्या प्रिंटएफची ओळख कंपायलरला करून देते. प्रोग्रामची सुरुवात नेहमी मेनपासून होते, उलट्या तिरक्या रेघेनंतरचा एन नवी ओळ सुरू करतो आणि रिटर्न ० म्हणजे काम सुरळीत पार पडल्याचा निरोप. वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून मजकूर चिकटवल्यास वळणदार अवतरणचिन्हे येऊ शकतात, आणि ती कंपायलरला चालत नाहीत.

आता त्याच फोल्डरमध्ये ‘जीसीसी -डब्ल्यूऑल पहिला.सी -ओ पहिला’ ही आज्ञा द्यावी; यातील डब्ल्यू तेवढा मोठ्या लिपीतला. डब्ल्यूऑलमुळे संशयास्पद जागांच्या सूचना मिळतात, तर ओ नंतर तयार होणाऱ्या फाइलचे नाव येते. ते दिले नाही, तर लिनक्सवर ‘ए.आउट’ असे नाव पडते. पडद्यावर काहीच उमटले नाही, तर सारे ठीक आहे असे समजावे. मग टिंब, तिरकी रेघ आणि नाव, म्हणजे ‘./पहिला’, असे टंकून प्रोग्राम चालवावा. टिंब आणि रेघ हवीच, कारण एरवी लिनक्स चालू फोल्डरमध्ये आज्ञा शोधत नाही.

अर्धविराम राहिला, तर कंपायलर ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवतो. मात्र तो क्रमांक कधी कधी पुढच्या ओळीचा असतो, म्हणून वरची ओळही तपासावी. चुका अनेक दिसल्या, तरी पहिलीच दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे, कारण बाकीच्या पुष्कळदा तिच्यातूनच उपजलेल्या असतात. मेनमधील अक्षरांची अदलाबदल होऊन ‘मिआन’ झाले, तर कंपायलर तक्रार करत नाही, पण सारे तुकडे जोडणारा लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन’ म्हणून अडतो. मजकूर बदलूनही जुनेच उत्तर आले, तर पुन्हा कंपाइल करायचे राहिले आहे.

महाविद्यालयात टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकलेल्यांनी कोनिओ.एच, तसेच पडदा पुसणारे सीएलआरएससीआर आणि कळ दाबली जाण्याची वाट पाहणारे गेटसीएच येथे वापरू नयेत. ती डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळातील सोय आहे आणि लिनक्सवरील जीसीसीसोबत येत नाही.

पुढचा प्रयोग म्हणून मजकुराची लांबी बाइटमध्ये मोजणारे एसटीआरलेन वापरून पाहावे. वर आणखी एका इन्क्लूडच्या ओळीने स्ट्रिंग.एच जोडून ‘प्रिंटएफ("%झेडयू\एन", एसटीआरलेन("नमस्कार"));’ ही ओळ रिटर्नच्या आधी घालावी. उत्तर २१ येते, कारण युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतप्रणालीमध्ये हा शब्द न, म, स, हलन्त, क, काना, र अशा सात चिन्हांचा आहे आणि ती चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणून मराठी मजकुरासाठी जागा राखताना अक्षरे न मोजता बाइट मोजावेत आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून सी जो शून्य बाइट शेवटी ठेवते, त्यासाठी आणखी एक धरावा, म्हणजे येथे २२.